जड झालेला क्लच

अप्पांनी सगळी उमर कारखान्यात लेथ मशीनवर काढली. सुताभराचा फरक ते नुसत्या बोटांनी सांगायचे. म्हणूनच डावा हात दगा देतोय हे त्यांनी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही.

मोटरसायकल जुनी, पण ठणठणीत. हल्ली मात्र क्लच दाबताना बोटं भरून यायची आणि जीव खाऊन दाबला तरी गिअर पडताच गाडी हिसका देऊन बंद पडायची. एकदा भर चौकात अडकले. मागच्यांनी हॉर्नचा कल्ला केला. कुणीतरी "आजोबा, घरी बसा की!" असंही ओरडलं. अप्पांनी गाडी ढकलत घरी आणली, लिव्हरचा ढिलेपणा तपासला. अगदी हवा तेवढाच होता. म्हणजे खोट गाडीत नव्हती.

"वय झालं अप्पा," मुलगा म्हणाला. "हातातली ताकद जाणारच. आता पुरे करा."

संध्याकाळी बायको हाताला शेक द्यायची. अप्पा रबरी चेंडू दाबत बसायचे. जुने सोबती शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्याकडे जाणं सुटलं. चहाचा कपसुद्धा ते दोन्ही हातांनी धरू लागले; न जाणो, सुटायचा. शेवटी एक दिवस स्वतःच म्हणाले, "विकून टाकू गाडी."

गाडी बघायला घरोघर पाव टाकणारा एक दांडगा गडी आला. चक्कर मारून परतला तो मनगट चोळतच.

"काका, इंजिन झकास आहे. पण क्लच केवढा कडक! हा दाबून तुम्ही चालवत होता? मानलं तुम्हाला."

तो गेल्यावर अप्पा पाना घेऊन गाडीशेजारी बसले आणि इंजिनावरचं छोटं झाकण उघडलं. आतल्या नटाच्या कडा ताज्या खरवडलेल्या होत्या. कुणीतरी आतला स्क्रू मागे फिरवला होता आणि ते लपवायला वरून केबल ताणली होती. अशानं लिव्हर वरवर ठीक वाटते, पण क्लच जड होतो आणि पुरता सुटतही नाही. मुलगा शाळेत असताना त्याला जवळ बसवून अप्पांनीच बजावलं होतं, असं कधी करायचं नाही म्हणून. दुसऱ्या कुणाला त्यांनी ते शिकवलंच नव्हतं.

त्यांनी केबल सैल केली, स्क्रू टेकेपर्यंत आत घेतला, किंचित मागे सोडला, नट आवळला आणि केबल पुन्हा बेताची ताणली. लिव्हर दोन बोटांत दबली.

मुलगा कामावरून आला तेव्हा अप्पा दारातच उभे होते.

"क्लचला तू हात लावलास?"

तो आधी गडबडला, मग आवाज चढवून म्हणाला, "लावला! कुठे आपटला असतात म्हणजे? तुम्ही सांगून ऐकणारे आहात का?"

"चावी लपवायचीस. दोन दिवस आकाशपाताळ एक केलं असतं, शिव्या घातल्या असत्या, मग गप्प बसलो असतो. तू माझा हातच लपवलास रे."

मग ते बायकोकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"मला तुम्ही धडधाकट हवे होतात," ती खाली बघत म्हणाली.

"आणि तो शेक?"

"हात दुखत तर होताच ना तुमचा."

दुसऱ्या दिवशी अप्पा गाडी घेऊन निघाले. क्लच लोण्यासारखा होता. पण चौकात सिग्नलला थांबले आणि त्या दिवशीचे हॉर्न आठवले. आता बंद पडणार, आता पडणार. हिरवा दिवा लागला तरी त्यांना गिअर टाकवेना. गाडीत खोट नव्हती, हातातही नव्हती. तरी ते उतरले आणि गाडी ढकलत परतले.

मुलगा गॅलरीत उभा होता. "बघा," एवढंच म्हणाला.

त्याच आठवड्यात पाववाला गाडी घेऊन गेला. मुलाला बहुधा वाटलं, मिटलं एकदाचं. "कुठे जायचं असेल तर सांगत जा अप्पा, मी सोडीन कारनं."

"चालत जाईन."

"एवढं लांब? गुडघे टिकतील का?"

"टिकतील," अप्पा चपला घालत म्हणाले. "गुडघ्यांना अजून तुझा हात लागलेला नाही."

त्यानंतर ते सोबत्यांकडे जात राहिले, थोडं चालत, थोडं बसनं. जाताना घरात सांगत नसत आणि परतल्यावर कुणी विचारत नसे.