ओढ्याकाठची ऐंशी एकर

आयोवात आमच्याकडे जून उजाडला की शेतकरी दुसऱ्याच्या शेताकडे बघून आपलं शेत करतो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर फिरला की याच्या पोटात दुखायला लागतं. त्या साली नऊ दिवस पाऊस लागून राहिला, दहाव्या दिवशी ऊन पडलं आणि ऑर्विल होगनच्या घरात सकाळीच जुंपली.

त्याची मुलगी जनेल सोयाबीनची ओळ चाकूनं उकरून आली होती. "वरच्या मातीनं पापडी धरलीय, बाबा. कोंब खाली अडकून माना मोडून घेताहेत. आज दुपारी काटेरी चाकांचं औजार फिरवून पापडी फोडायला हवी. ओढ्याकाठच्या मक्यात मात्र कुणी जायचं नाही. वर कोरडं दिसतंय, खाली नुसता चिखल आहे."

"मका पिवळा पडलाय, ते दिसत नाही तुला?" तिचा भाऊ कर्ट म्हणाला. "सगळ्यांनी खत दिलं, आपणच बसलोय."

"मुळं पाण्यात गुदमरलीत म्हणून पिवळा पडलाय. पाणी उतरू दे, मग खत."

कर्ट शहरात विमा विकायचा. नऊ वर्षं शेती जनेलनं केली होती, आणि आज तो जमीन नावावर करून घ्यायला आला होता. कागद कॉफीच्या किटलीशेजारी पडला होता. जमीन मुलाची, मुलगी परक्या घरची, हा आमच्याकडचा शिरस्ता. दर रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकणारी माणसं तो बिनदिक्कत पाळतात. लाज वाटावी असा शिरस्ता आहे, पण वाटत नाही कुणाला.

"आजपासून कर्ट म्हणेल तसं," ऑर्विलनं जनेलला सुनावलं. "तू जेवणाचं बघ."

कर्टनं ट्रॅक्टर मक्यात घातला. शंभर पावलं गेला नसेल, तोच मागची चाकं आसापर्यंत रुतली. हिसके देऊन देऊन त्यानं मका चिरडला आणि ओली माती अशी दाबून टाकली की पुढची चार वर्षं तिथं मूळ धड उतरणार नव्हतं. शेजारचा लेरॉय ट्रॅक्टर ओढायला साखळी घेऊन आला. "एवढ्या ओल्यात घालायचं डोकं कुणाचं?" त्यानं दात काढत विचारलं.

"पोरीचं," ऑर्विलनं ठोकून दिलं.

जनेल समोरच उभी होती, तिची आई आर्डिसही. जनेल सोयाबीनकडे निघून गेली. पापडी तिच्यासाठी थांबणार नव्हती.

घरात आल्यावर ऑर्विलनं पेन बायकोपुढे सरकवलं. ओढ्याकाठची ऐंशी एकर आर्डिसच्या माहेरची, तिच्याच नावावर होती.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "जमीन जनेलची."

"डोकं फिरलंय का तुझं? मुलगा असताना? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. चिखल मुलानं केला आणि नाव पोरीचं घेतलंस, तेव्हा कुठं गेली होती लाज?"

"आई, रीतच आहे ही," कर्ट पुटपुटला.

"रीत मला शिकवू नकोस. माझा भाऊ एकोणिसाव्या वर्षी युद्धात गेला, म्हणून ही जमीन मला मिळाली. तो परतला असता तर मला आईची चिनी मातीची भांडी मिळाली असती. चाळीस वर्षं त्याच्यासाठी रडतेय आणि त्याच जमिनीवर जगतेय." ती कर्टकडे वळली. "माझ्या लेकीला जमीन मिळायला तू मरायला हवंस का रे?"

कर्टची मान खाली गेली. ऑर्विल उठून बाहेर गेला. तुमच्याकडे आहे का उत्तर?