देवीचा आंबा

दमयंतीबाईंनी लाकडी मोगरीने आंब्याच्या बुंध्यावर पुन्हा ठोका मारला. आवाज भरीव येईना. रिकाम्या रांजणासारखा घुमला. धोक्याची झाडं कशी ओळखावीत याची जंगलखात्याची पुस्तिका त्यांनी रखवालदार भिकाजीकडून मागून आणली होती. बुंध्याशी अळंबी, बेचक्यात चीर, मुळांजवळ उचललेली माती. पुस्तिकेतलं सगळं समोर होतं. आणि त्याच आंब्याखाली महारवाड्यातल्या चार मुली पाट्या घेऊन बसल्या होत्या.

संगमेश्वराजवळच्या त्या गावात बाईंची शाळा देवीच्या मंडपात भरे. बाकीच्या मुली आत. या चौघींनी मात्र बाहेर बसून ऐकायचं, असा गावाचा दंडक.

बाई तडक गावचे मानकरी असलेल्या गावकर आप्पांच्या पडवीत गेल्या.

"आंबा पडणार आहे, आप्पा. तोडायला हवा."

"देवीचा आंबा हाय तो. माझ्या आज्यानं त्याची काटकी मोडली नाय."

"मग त्या मुलींना मंडपात घेते."

आप्पांच्या हातातला अडकित्ता थांबला. "त्यांना घरी बसवा की."

"पटावर नावं आहेत त्यांची. उद्यापासून आत बसतील."

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आल्या, तेव्हा आंब्याचा बुंधा निम्मा कापून झाला होता. देवीनेच रातोरात आंबा तोडायचा कौल दिला होता म्हणे. आप्पा स्वतः उभे राहून दोर बांधून घेत होते. चौघी मुली पाट्या छातीशी धरून वाटेवर थबकल्या होत्या.

"बाई, आमी कुठं बसू?" सगुणाने विचारलं.

"आज घरी जा," आप्पा म्हणाले. "उद्या ओंडक्यावर बसा."

बाईंनी सगुणाचा हात धरला. "झाड पडताना बाहेर कुणी थांबायचं नाही. चला आत."

"बाई!" आप्पा पुढे धावले. तेवढ्यात दोर ओढणारे ओरडले, "आप्पा, मागं सरा!" आप्पांना मागे हटावंच लागलं. बाई चौघींना घेऊन पायऱ्या चढल्या.

आंबा दुसऱ्या अंगाला कोसळला. आतून नुसता काळा भुगा सांडला. त्याकडे न बघता आप्पा पायऱ्यांशी आले.

"पडला आंबा. आता काढा त्यांना भायेर."

बाईंनी आपली खुर्ची उचलली, मंडपाच्या तोंडाशी आडवी ठेवली आणि बाहेर तोंड करून बसल्या.

"सगुणा, कालचा धडा वाच."

मागे चटई सरकल्याचा आवाज झाला. बाईंनी वळून पाहिलं नाही, आप्पांनी पाहिलं. त्यांची नात कमळा सगुणाला जागा करून देत होती.