नऊ नंबरची ओळ

मित्रांनो, शाळेतला फळा तुम्ही रोज पाहता. मीही जातीने फळाच, पण शाळेची पायरी कधी चढलो नाही. मला पाढे येत नाहीत, कविता येत नाहीत. मला येते ती एकच गोष्ट : आज समुद्रावर कोण गेले आहे आणि कोण परत आले आहे. मासेमारांच्या सोसायटीच्या ऑफिसबाहेर, पत्र्याच्या पडवीत, धक्क्याकडे तोंड करून मी सत्तावीस वर्षे टांगलेला आहे.

मूळचा मी एका जुन्या बोटीचे झाकण. मासे साठवायच्या खणावर बसवतात, ते. बोट भंगारात निघाली तेव्हा सुताराने मला उचलले, रंधा मारला आणि काळ्या रंगाचे हात दिले. तिसऱ्या हाताला डबा संपला, म्हणून डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात मी अजून तपकिरीच आहे. मग त्याने माझ्यावर पांढऱ्या रंगाने वीस ओळी आखल्या. कुणीतरी विचारले, "वीसच का?" सुतार म्हणाला, "गावात होड्या किती? वीस. मग एकविसावी ओळ काय माझ्या सासऱ्यासाठी आखू?" माणूस फटकळ होता, पण त्याच्या हातात कसब होते. एवढ्या खाऱ्या वाऱ्यात मी अजून वाकलेलो नाही.

माझे काम सोपे आहे. होडी निघाली की होडीवाला माझ्यावर रिकाम्या ओळीत लिहितो : होडीचा नंबर, माणसे किती, कुठल्या बाजूला चालला, किती वाजता. परत आला की स्वतःच्या हाताने आपली ओळ पुसतो. दुसऱ्याने पुसायची नाही, असा कडक नियम आहे. उगाच चुकून भलत्याची ओळ पुसली गेली, तर समुद्रात राहिलेल्या माणसाला शोधायला कोण जाणार? खवळलेल्या दिवशी बचाव बोटीची माणसे येतात आणि माझ्या ओळी वाचतात. ओळीत असेल त्याला शोधतात. फोन सगळ्यांकडे आहेत, पण भूशिर ओलांडले की त्यांना रेंज नसते. म्हणून माझी नोकरी टिकली.

ओळींच्या खाली कागद चिकटवायला जागा आहे. तिथे गावाचा सगळा कारभार असतो, आणि वसंतात तर विचारूच नका. थंडीत ओढून ठेवलेल्या होड्या रस्त्यावरच उलट्या केलेल्या असतात. तळ घासणे चालते, फटी बुजवणे चालते, जाळी एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत पसरलेली असतात आणि शाळेला जाणारी पोरे त्यांवरून उड्या मारत जातात. "हिरव्या रंगाचा अर्धा डबा उरला आहे, हवा त्याने न्यावा." "पिवळी मांजर हरवली आहे." त्याच कागदावर दोन दिवसांनी : "सापडली. बर्फाच्या गोदामात होती. तब्येत ठीक, राग आहे." असले वाचून लोक हसतात. मीही पूर्वी हसत असे.

ऑफिसात एक कारकूनबाई आहेत. सगळे गाव त्यांना ताई म्हणते. रोज सकाळी माझ्या डोक्यावर हवामान लिहायचे, आणि संध्याकाळी पाचला बाहेर येऊन राहिलेल्या ओळी पाहायच्या, हे त्यांचे काम. त्यांचे यजमान नऊ नंबरच्या होडीचे मालक. त्यांना सगळे 'सावकाश' म्हणत, कारण त्यांना घाई म्हणून कधी झालीच नाही. ते माझ्यावर लिहायला लागले की मागचे लोक म्हणत, "चला, चहा घेऊन येऊ, तोवर यांचा नऊ पुरा होईल." पण अक्षर मोत्यासारखे. एकदा बाहेरगावचे साहेब तपासणीला आले होते, त्यांनी नेमकी तीच ओळ दाखवून माझे कौतुक केले. मी खूप दिवस त्या आनंदात होतो.

ताईंचा पाठचा भाऊ चौदा नंबरची होडी चालवतो. त्याला सगळे 'धाकटा' म्हणतात. चाळिशी उलटली तरी धाकटाच.

आता जे सांगणार आहे ते मागच्या वसंतातले. सांगताना माझा आवाज चढत नाही की उतरत नाही, म्हणून मला काही वाटत नाही असे समजू नका. त्या दिवसापासून मी असाच झालो आहे.

दुपारी धुके आले. एकेक होडी लवकर परतली आणि एकेक ओळ पुसली गेली. चौदा नंबरचे इंजिन धापा टाकत होते, म्हणून धाकट्याने होडी खाडीकडच्या दुरुस्तीच्या धक्क्याला लावली. तिथे त्या दिवशी चिटपाखरू नव्हते. त्याच्याबरोबरचा गडी खाडीपलीकडे राहणारा, तो तिथूनच घरी गेला. धाकटा दोन दिवसांचा जागा आणि नखशिखान्त भिजलेला. मागच्या गल्लीने तो सरळ घरी गेला. जरा पाठ टेकतो, मग जाऊन ओळ पुसतो, असे त्याने मनाशी म्हटले. चौकशीच्या दिवशी त्याने हे माझ्यासमोरच सांगितले.

पाच वाजता ताई बाहेर आल्या. माझ्यावर एकच ओळ होती. चौदा. त्यांनी भावाला फोन लावला, तो पाण्याने बंद पडलेला. भावजयीला लावला. ती मासे साफ करायच्या शेडमध्ये, आणि तिचा फोन घरी कपाटावर. तो वाजत राहिला आणि त्यापासून दोन हातांच्या अंतरावर धाकटा मेल्यासारखा झोपून राहिला.

सावकाश नुकतेच आले होते. ओळ पुसून बाकावर बसून बूट काढत होते. ताई म्हणाल्या, "अहो, धाकटा अजून बाहेर आहे."

"बचाव बोट?"

"दीड तास म्हणतात."

त्यांनी काढलेला बूट पुन्हा घातला. "दीड तासात काहीही होईल. तोवर मी भूशिरापर्यंत बघून येतो."

"माणसं तरी येऊ द्या तुमची."

"ती घरी जेवायला बसली असतील. कशाला उठवायची?"

त्यांनी खडू घेतला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी भरभर लिहिले. नऊ. एक माणूस. धाकट्याला बघायला. पाच वीस.

मित्रांनो, चौदा नंबर परत आला होता आणि मी तो समुद्रात आहे असे सांगत होतो. मी खोटे बोलत होतो, आणि मला ते ठाऊक नव्हते. मला हात नाहीत. असते तरी नियम आहेच.

पावणेसातला धाकटा आला. डोळे चोळत, लेंग्यावर स्वेटर घालून, ओळ पुसायला. ताई धक्क्याकडे बघत उभ्या होत्या. पावलांचा आवाज ऐकून त्या वळल्या.

"तू कुठून आलास?"

"घरून," तो म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिले आणि चौदाच्या खाली नऊ वाचला.

तिसऱ्या दिवशी नऊ नंबरची होडी खडकांत सापडली. सावकाश सापडले नाहीत.

आठव्या दिवशी ताई कामावर आल्या. त्यांनी हवामान लिहिले : वारा मंद, दृश्यता चांगली. अक्षर नेहमीसारखेच. पिवळ्या मांजरीचा कागद जुना झाला होता, तो काढला. नऊच्या ओळीला हात लावला नाही. महिन्याभराने सोसायटीचे अध्यक्ष चाचरत म्हणाले, "ताई, ती ओळ आता... मी पुसू का?"

"ज्याची ओळ त्यानं पुसायची," ताई म्हणाल्या. "ते आले की पुसतील."

अध्यक्ष त्यानंतर त्या विषयाच्या वाटेला गेले नाहीत. कुणीच गेले नाही. होडीवाले त्या ओळीच्या वर लिहीत, खाली लिहीत, आणि पुसताना डस्टर तिच्या काठाला लागणार नाही याची काळजी घेत.

धाकटा बहिणीच्या दारात जाऊन बसायचा. त्या त्याला हाकलत नसत. "चहा घेणार?" विचारत, त्याच्यापुढे कप ठेवत आणि भांडी घासायला लागत. एकदा तो माझ्याजवळच्या बाकावर बसून बर्फवाल्याला म्हणाला, "चार शिव्या दिल्या असत्या ना, तर मी पाय तरी धरले असते. ती काहीच बोलत नाही रे. तिला काही होतच नाही." बर्फवाला म्हणाला, "होतंय रे. दाखवत नाही एवढंच." धाकट्याने जाणे हळूहळू कमी केले, मग थांबवले. माझ्यासमोर यायचेही थांबवले. दुरुस्तीच्या धक्क्यावरूनच तो समुद्रात जाई आणि तिथेच परत येई. माझ्यावर त्याने ओळ लिहिली नाही. "मला खडू धरवत नाही," एवढेच कुणाला तरी म्हणाला होता.

हे सगळ्यांना माहीत होते. ताईंनाही. त्या पाचला बाहेर येत, ओळी पाहत, आत जात. चौदा नंबरच्या जाण्यायेण्याची नोंद कुठेच नव्हती. मला त्याची भीती वाटायला हवी होती. पण मी त्या दिवसांत कशालाच भीत नव्हतो.

पुन्हा वसंत आला. रस्त्यावर पुन्हा रंगाचा वास. गावात एक नवी होडी आली, म्हणजे पुन्हा वीस झाल्या. एके दिवशी सकाळपासून माशांचे मोठे थवे दिसायला लागले आणि धाकट्याखेरीज झाडून सगळ्या होड्यांनी माझ्यावर लिहिले. एकोणीस ओळी. विसावी सावकाशांची. वर्षात पहिल्यांदा मी काठोकाठ भरलो.

दुपारी एकला हवामान खात्याचा फोन आला. चारनंतर वादळी वारा. ताईंनी बचाव बोटीला कळवले आणि बाहेर येऊन ओळी मोजायला लागल्या. तेवढ्यात त्यांची भावजय शेडमधून धावत आली. हात खवल्यांनी भरलेले, रबरी एप्रनवरून पाणी गळत होते.

"ताई, हे पहाटेच गेलेत."

"कुठे?"

"उत्तरेच्या खडकांकडे. इंजिन कालपासून नीट नव्हतं. मी म्हटलं होतं, जाऊ नका. आणि त्यांनी लिहिलंही नाही हो, तुम्हांला माहितेय, ते लिहीतच नाहीत." ती रडायला लागली. "ताई, मी तुमच्याकडे कोणत्या तोंडानं मदत मागू?"

ताईंनी माझ्याकडे पाहिले. खालपासून वरपर्यंत, वरपासून खालपर्यंत. एकोणीस ओळींतल्या एकोणीस होड्या खरोखरच समुद्रात होत्या. धक्क्याच्या पायऱ्या चढून बचाव बोटीचे दोघे येताना दिसत होते.

त्यांनी डस्टर घेतले आणि नऊच्या ओळीवर फिरवले. वर्षभराचा खडू मला चिकटला होता, तो निघेना. त्यांनी डस्टर पाण्यात बुडवले आणि पुन्हा फिरवले, जोर लावून. माझ्या खिळ्यापर्यंत हादरा बसला. मग त्या ओल्या जागेवर त्यांनी लिहिले, नियम मोडून, दुसऱ्याची ओळ स्वतःच्या हाताने. चौदा. दोन माणसे. उत्तरेचे खडक. पहाट.

बचाव बोटीच्या माणसाने सगळ्या ओळी वहीत उतरवून घेतल्या. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्याने विचारले, "ही नक्की?"

"नक्की," ताई म्हणाल्या. "इंजिन खराब आहे. आधी तिकडे जा."

वारा सुटला तेव्हा बऱ्याच होड्या आपल्या आपण परतल्या होत्या. साडेपाचच्या सुमारास, अजून चांगला उजेड होता, तेव्हा बचाव बोट चौदा नंबरला दोरीने ओढत घेऊन आली. इंजिन दुपारीच बंद पडले होते आणि होडी खडकांकडे वाहत चालली होती.

धाकट्याला कुणीतरी कांबळे दिले होते. तो पडवीत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. बाकीच्या ओळी पुसलेल्या होत्या. ताई बाकावर बसल्या होत्या.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"पण ताई, इथे दाजींची..."

"जागा नव्हती," ताई म्हणाल्या.

त्याने खाली पाहिले, वर पाहिले, आणि भिंतीला हात टेकला. ताई बसल्या जागेवरून हलल्या नाहीत.

"आलास ना परत?"

"आलो."

"मग पूस."

त्याने डस्टर उचलले. चौदाचा चार दोनदा राहिला, तिसऱ्यांदा गेला. खडू निघाला आणि खाली सावकाशांच्या अक्षरांची फिकट सावली दिसायला लागली. तेवढी पाण्यानेही गेली नव्हती. धाकट्याने घाईघाईने ओले फडके घेतले.

"राहू दे ते," ताई म्हणाल्या.

तो तसाच उभा राहिला. फडक्यातले पाणी त्याच्या पायावर ठिबकत होते. ताईंनी विचारले, "उद्या जाणार आहेस?"

"नाही. इंजिन उघडावं लागेल. परवा."

"परवा लिहून जा."

तिसऱ्या दिवशी पहाटे त्याने लिहिले आणि संध्याकाळी पुसले. ताई आत टेबलाशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पण डस्टरचा आवाज थांबेपर्यंत त्यांनी पेन कागदावर टेकवले नाही. तेव्हापासून रोज असेच चालले आहे. त्या दोघांत याहून जास्त बोलणे झालेले मी ऐकलेले नाही.

मित्रांनो, मला नवा रंग द्या, मला उन्हातून हलवा, असे मी तुम्हांला सांगणार नाही. मी लाकूड आहे, माझे निभेल. पण मी एकदा दोन तास खोटे बोललो, ते अजून माझ्या अंगात आहे. म्हणून एवढेच मागतो. तुम्ही बाहेर पडता तेव्हा कुणीतरी तुमची ओळ धरून बसलेले असते. आई असेल, बहीण असेल, शेजारची म्हातारी असेल. दमून या, भिजून या, उशिरा या. पण आलात की आधी त्यांना सांगा, आणि मग झोपा.