एकशे वीस बाटल्या

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लेकीने लग्नाला होकार दिला, ते तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या आधी त्याच्या मावशीला कळलं होतं, आणि ते कोणामुळे हे मी वेगळं सांगत नाही. अशा बाईला आठ आठवडे तोंडाला कुलूप लावून बसायला सांगणं म्हणजे छळच. आणि सांगितलं कोणी? तर त्याच लेकीने.

आमचे हे होमिओपॅथीचे डॉक्टर. छत्तीस वर्षांची प्रॅक्टिस, खाली दवाखाना, वर घर. त्यातली एकतीस वर्षं औषधं मी भरते. बाटलीत साखरेच्या पांढऱ्या गोळ्या, त्यावर औषधाचे पाच थेंब, बूच, चिठ्ठी. थेंब टाकण्याआधी औषधाची मोठी बाटली जाड पुस्तकावर दहा वेळा ठोकायची, ही ह्यांच्या सरांची शिस्त. ठोकल्याने औषधाची ताकद जागी होते, असं आमच्यात मानतात. मी मोजत बसत नाही. माझा हात आपोआप दहाला थांबतो.

ह्यांचं नाव झालं ते शिंकांच्या औषधामुळे. हवा बदलली की लोकांची नाकं गळायला लागतात आणि आमची रांग जिन्याच्या पायरीपर्यंत येते. त्या दिवसांत ह्यांची छाती दोन इंच फुगलेली असते, आणि खरं सांगायचं तर माझीही.

मागच्या वर्षी डॉक्टरांच्या वार्षिक सभेत ह्यांनी या औषधावर भाषण केलं. भाषण संपल्यावर एक नवी डॉक्टरीण उठली आणि म्हणाली, "सर, हवा बदलली की शिंका जशा येतात तशा जातातही. गोळीमुळे किती गेल्या, हे कसं ओळखायचं?" ह्यांचा पारा चढला. छत्तीस वर्षांचा अनुभव आहे, वगैरे झालं. पण हे रागावले की खोटं बोलत नाहीत, उलट नको तेवढं खरं बोलून बसतात. भर सभेत म्हणाले, "मोजून दाखवतो. पुढच्या वर्षी याच जागी उभा राहून आकडे वाचेन. जे येतील ते."

टाळ्या पडल्या. मी कपाळाला हात लावला.

लेक दुसऱ्या गावी मोठ्या इस्पितळात आकडेवारीचं काम करते. ती दोन दिवस आली आणि तिने सगळं बांधून दिलं. शिंकांचे एकशे वीस पेशंट. साठ जणांना औषधाच्या गोळ्या, साठ जणांना औषध न मिसळलेल्या नुसत्या स्पिरिटच्या. दिसायला, चवीला सारख्या. पेशंटना आधीच सांगायचं की दोन्हीपैकी काहीही वाट्याला येईल, आणि तशी सही घ्यायची. प्रत्येकाने रोजच्या शिंका वहीत मांडायच्या. बाटलीवर फक्त नंबर. कोणत्या नंबरात काय, याची यादी माझ्याकडे, कुलपात. वह्या ह्यांच्याकडे. ह्यांनी यादी बघायची नाही, मी वह्या बघायच्या नाहीत, दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही, पेशंटशी बोलायचं नाही.

"आई, चेहऱ्यावरसुद्धा काही दिसता कामा नये," लेक म्हणाली.

"चेहरा काय माहेरी ठेवून येऊ?" मी म्हटलं.

पण बाटल्या मी भरल्या, आणि कशा भरल्या! वरच्या खोलीची कडी लावून, दिवसाला वीस. आधी यादीत नंबर बघायचा, मग बाटली भरायची, मग यादीवर खूण करून सही करायची, मग पुढची. फोन वाजला तरी उठले नाही. ह्यांनी दारावर टकटक केली तर "नंतर!" म्हणून ओरडले. सहा दिवसांत एकशे वीस बाटल्या. सातव्या दिवशी पहिल्यापासून पुन्हा सगळं पडताळून पाहिलं.

पाचव्या आठवड्यात हे जिना दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. मी ओट्याशी बटाटे सोलत होते.

"सतरा नंबर!" ह्यांना धापच लागली होती. "आपला पोस्टमन गं. दिवसाला चाळीस शिंका होत्या, आता दोन. दोन! म्हणतो, डॉक्टर, तुमचे पाय कुठे आहेत."

सतरा नंबरात नुसतं स्पिरिट होतं.

मी मान वळवली नाही. बटाटा सोलून झाला तरी सोलत राहिले. हे माझ्या पाठीमागे उभे राहून आनंदाने बोलत होते. एकतीस वर्षांत मी ह्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं, आणि पहिल्यांदा लपवलं ते हे असं. हे खाली गेल्यावर लेकीला फोन लावला. म्हटलं, थांबव हे सगळं, बाबा तोंडघशी पडणार.

"आई, एका पेशंटवरून काही ठरत नाही."

"तुला त्यांचा चेहरा दिसला नाही म्हणून बोलतेस."

ती म्हणाली, "बाबांनी शब्द दिलाय ना?" मी फोन ठेवला.

आठ आठवडे सरले. लेक आली, वह्यांचे आकडे कागदावर उतरवले आणि शेजारी माझी यादी ठेवली. जेवायच्या टेबलावर आम्ही तिघं. औषधाच्या साठांपैकी सदतीस जणांच्या शिंका निम्म्याहून कमी झाल्या होत्या. नुसत्या स्पिरिटच्या साठांपैकी एकोणचाळीस जणांच्या.

"फरक नाही, बाबा," लेक म्हणाली.

ह्यांनी सगळे आकडे स्वतः पुन्हा मोजले. मग तिसऱ्यांदा मोजले. मग चष्मा पुसला आणि विचारलं, "सतरा?" मी मान हलवली. "तुला तेव्हाच माहीत होतं?" मी पुन्हा मान हलवली. मला वाटलं, आता चिडतील. हे म्हणाले, "बोलली नाहीस. शाब्बास." आणि खाली जाऊन दवाखाना उघडला. मी मात्र टेबलाशी बसून पोटभर रडले.

बातमी पसरायला वेळ लागला नाही (यात माझा हात नव्हता). दोन दिवसांनी ह्यांचे सर आले. वय ब्याऐंशी, पण जिना कोणाचा हात न धरता चढतात. ह्यांना गोळीचं पहिलं अक्षर त्यांनी शिकवलं. खुर्चीत बसले आणि ह्यांना सोडून माझ्याकडे वळले.

"सूनबाई, एकच विचारतो. नुसत्या स्पिरिटची मोठी बाटली तू थेंब टाकण्याआधी ठोकलीस का?"

एकतीस वर्षांची सवय! हातात बाटली आली की हात पुस्तकावर जायचाच. "ठोकली," मी म्हटलं. "दर वेळी."

सरांनी मांडीवर थाप मारली. "मग मिटलं की! त्याच पुस्तकावर, औषधाच्याच हाताने ठोकलंस. साध्या स्पिरिटलाही ताकद आली. दोन्हीकडे औषधच होतं. चाचणीच बाद!"

मी खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. जीव भांड्यात पडला. चूक माझी ठरत होती, ठरू दे. मी आशेने ह्यांच्याकडे बघितलं. हे उठून खाली गेले आणि परत आले ते स्पिरिटची बाटली, गोळ्यांची कुपी आणि ते जाड पुस्तक घेऊन. सरांच्या समोर बाटली पुस्तकावर ठोकली, दहा वेळा. गोळ्यांवर पाच थेंब टाकले, बूच लावलं आणि कुपी सरांपुढे धरली. दुसऱ्या हातात पेन आणि कोरी चिठ्ठी.

"सर, ठोकून हे औषध झालं ना? मग यावर औषधाचं नाव लिहा."

सरांनी पेन घेतलं. बराच वेळ धरून बसले.

"कोणतंही," हे अगदी हळू म्हणाले. "तुम्ही लिहाल ते मी उद्यापासून देईन."

सरांनी पेन खाली ठेवलं. चहा न घेताच गेले. हे त्यांना खालच्या दारापर्यंत सोडायला गेले आणि वर आल्यावर अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं, की स्पिरिटची बाटलीही सवयीने ठोकली गेली होती.

"माझी चूक साऱ्या जगाला कशाला सांगायची?" मी फणकारले.

"झालं तसं लिहायचं."

सभेच्या दिवशी सकाळी हे शर्टाला इस्त्री करत होते. मी दारात उभी राहिले. मनात आलेलं पोटात ठेवायची आठ आठवड्यांची तालीम झाली होती, तरी म्हटलंच, "मी असं म्हणू का, की माझ्या हातून काही बाटल्यांची अदलाबदल झाली असेल? वय झालं, नजर चुकते. कोणी काही म्हणणार नाही."

ह्यांनी इस्त्री उभी केली. "झाली का?"

"नाही."

हे कॉलर सरळ करत म्हणाले, "बाटल्या तू भरल्यास. त्याबद्दल सांगायचं ते तूच सांगशील. मी तुला हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

म्हणजे सगळं माझ्यावर टाकून मोकळे झाले. असा राग आला म्हणून सांगू!

सभागृह भरलेलं होतं. मी तिसऱ्या रांगेत, लेक शेजारी. हे उभे राहिले आणि वाचायला लागले. आवाज कुठे कापला नाही. किती पेशंट, कसे निवडले, बाटली कशी ठोकली गेली, मग सदतीस, मग एकोणचाळीस. शेवटी कागद खाली ठेवून म्हणाले, "शिंका कमी झाल्या त्या ऋतू सरला म्हणून, आणि कदाचित कोणीतरी रोज विचारपूस करत होतं म्हणून. माझ्या गोळीमुळे कमी झाल्या, असं हे आकडे म्हणत नाहीत. शिंकांना ही गोळी मी आता देणार नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या औषधाची पाळी."

एक टाळी वाजली नाही. मागच्या वर्षी टाळ्या वाजवणारे खुर्चीत चुळबुळ करत होते. मग पुढच्या रांगेतले एक वजनदार डॉक्टर उठले. गोड हसत म्हणाले, "बाटल्या वहिनींनी घरीच भरल्या म्हणे. घरकामाच्या धबडग्यात दहावीस इकडच्या तिकडे झाल्या असतील. माणूस आहे, चालायचंच. तेवढं मान्य केलं की विषय संपला."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दार सताड उघडं होतं. नुसतं "असेल बाई" म्हटलं असतं, तर ह्यांचं नाव, रांग, टाळ्या, सगळं होतं तिथे परत आलं असतं. हे माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. पायाखालच्या फरशीकडे बघत होते.

मी उठले. आवाज चांगला खणखणीत लागला.

"डॉक्टर, एकतीस वर्षं मी बाटल्या भरते. तुमच्या आईच्या गुडघ्याच्या गोळ्याही माझ्या हातच्या. एकशे वीस बाटल्या होत्या. प्रत्येकीपुढे माझी सही आहे. एकही इकडची तिकडे झालेली नाही."

आणि खाली बसले. लेकीने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. छत्तीस वर्षांच्या नावावर मी स्वतःच्या तोंडाने पाणी सोडलं होतं, आणि अभिमानाने माझा ऊर भरून आला होता, ह्यांच्या आणि माझ्याही.

ह्यांनी मान वर केली. माझ्याकडे एकदा बघितलं, लग्नात बघितलं नव्हतं असं. मग सभेकडे वळून म्हणाले, "पुढचा प्रश्न."