मंगरूच्या गाडीचे शॉकअप

मंगरू काविळीनं गेला, तेव्हापासून त्याची एझडी मोटरसायकल पडवीत उभी होती. पाटबंधारे खात्यात तो चौकीदार होता. मोहल्ल्यात गाडी घेणारा पहिलाच. त्याची बायको वच्छला गाडीवरची धूळ पुसायची. विकायची की ठेवायची, तिचं काही ठरत नव्हतं.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती चिखलाच्या पायांनी घरी आली, तर गाडीचं मागचं अंग विटांच्या थप्पीवर टेकलेलं. दोन्ही शॉकअप गायब. सासू मंगलाबाई तांदूळ निवडत बसली होती.

"चिंधूनं नेले," ती मान वर न करता म्हणाली. "त्याच्या गाडीचे खड्ड्यात वाकले. इथं गंजूनच राहिले होते ना."

चिंधू धाकटा दीर, त्याच आवारात पलीकडच्या खोल्यांत राहायचा. त्याच्याकडे जुनी राजदूत होती. वच्छलानं पाय धुतले, चूल पेटवली.

आठवड्याभरात चिंधूच आला.

"वहिनी, लाखनीच्या भैय्यालाल मिस्त्रीनं भोकात बुशची नळी टाकून शॉकअप बसवून देले. पण गाडी मागून उडवते. मिस्त्री म्हणते, लंबे हायेत, सवय होईल. दादा कसं करे?"

वच्छलाला ठाऊक होतं. शॉकअपच्या बुडाशी खाचांची कडी असते. ती फिरवली की स्प्रिंग ताणते किंवा सैल होते. मंगरू एकटा जाणार असला तर कडी सैल ठेवायचा, ती मागं बसणार असली की शेवटच्या खाचेपर्यंत ताणायचा. साकोलीचा बाजार असो, दवाखाना असो, माहेर असो, ती मागं असायचीच. पुढं पुढं त्यानं कडी सैल करणंच सोडून दिलं.

"दोघाच्या वजनाले लावलेले हायेत," ती म्हणाली. "तुम्ही एकले बसता."

चिंधूला कडी फिरवणं जमेना, पाना सारखा घसरत होता. शेवटी तिनं मंगरूचा आकड्यासारख्या तोंडाचा पाना आणला आणि खाली बसून दोन्हीकडची कडी पहिल्या खाचेवर आणली. कडी गच्च बसली होती. तिचं बोट सोललं. चिंधू एक चक्कर मारून आला.

"आता बराबर झाली," तो म्हणाला, आणि निघून गेला.

धान कापून झाल्यावर मंगलाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. चिंधू तिला लाखनीच्या डॉक्टरकडे नेऊ लागला. पण दोघं बसले की गाडी मागून खाली बसायची, चाक मडगार्डला घासायचं. तो पुन्हा वच्छलाकडे आला. तिनं पुन्हा पाना काढला आणि कडी ताणून दिली.

परतल्यावर मंगलाबाई गाडीवरून उतरता उतरता म्हणाली, "चिंधूनं गाडी पलंगासारखी केली पाह्य. मंगरूच्या गाडीवर लय धक्के लागत."

"तुम्ही तं कधी बसल्याच नाई त्याच्यावर, आत्याबाई."

"बसली असती. मागची सीट तुनं कधी रिकामी ठेवली?"

वच्छला आत गेली. म्हातारीचं बोलणं सपशेल खोटं असतं, तर तिला एवढं लागलं नसतं.

तिनं भैय्यालालला निरोप धाडला, गाडी विकायची आहे. तो बैलबंडी घेऊन आला. दोघा-तिघांनी मिळून एझडी वर चढवली, तेवढ्यात चिंधू शेतातून आला.

"दादाची गाडी होती, वहिनी. इकाच्या आधी मले एक शब्द विचारा लागत होता."

"तुम्ही विचारलं होतं?"

चिंधूनं आईकडं पाहिलं.  मग तो म्हणाला, "शॉकअप पाहिजे असन तं आत्ताच काढून देतो."

"राहू द्या. आत्याबाईले दवाखान्यात कशावर न्यान?"

बंडी गेली. पडवीत विटा तेवढ्या राहिल्या. त्या तिनं उचलून चुलीमागं रचल्या.

त्या दिवसापासून चिंधू तिच्याशी बोलला नाही. आईला न्यायचं असलं की तो आधी एकटाच लाखनीला जाई, भैय्यालालकडून कडी ताणून आणी आणि मग आईला बसवी. सकाळ त्यातच जायची. मंगलाबाई चपला घालून उन्हात वाट पाहत बसायची, आणि वच्छला पडवीतून ते बघायची. पाना तिच्या घरातच होता.