साहेब, मी कितवा?

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तुम्हाला वाईट वाटायला नको. मी जळकुकडी आहे. पितळेची, तोंडाशी झिजलेली आणि पक्की जळकुकडी. नागपूरचे वाहतूक हवालदार वामनराव यांच्या खिशात सव्वीस वर्षं राहिलेली शिट्टी मी, आणि माझा जीव जळतो तो कशावर? तर जपाच्या काउंटरवर. देवळाबाहेर टोपलीत मिळतं ते, बोटात अंगठीसारखं घालायचं. बटण दाबलं की आकडा एकाने पुढे जातो. बाकी त्याच्या अंगी एकही गुण नाही.

माझं तसं नव्हतं. मला घडवायला कारागिराची अर्धी दुपार गेली होती. पितळेचा पत्रा कापून, वाकवून, सांध्यांना डाग देऊन त्याने मला आकार दिला आणि पोटात बुचाची एक छोटी गोळी टाकली. मी वाजते तेव्हा ती गोळी नाचते, म्हणून माझा आवाज दूर जातो. वामनराव तेव्हा नवे शिपाई होते. गणवेशासोबत मी त्यांना मिळाले, आणि त्यांनी मला पांढऱ्या दोरीत ओवून खिशाशी अडकवलं. दर रविवारी त्यांच्या बायको कौशल्याबाई मला चिंच लावून घासायच्या. सोमवारी मी नव्या नवरीसारखी चमकायची.

पहिल्याच वर्षी आम्ही नाव काढलं. एक माणूस स्कूटर घेऊन चालला होता. वामनरावांना त्याचा चेहरा पटला नाही. त्यांनी मला ओठांत धरून अशी फुंकर मारली की तो गडबडून पडलाच. स्कूटर चोरीची निघाली. ती ग्रामीण भागातल्या नंबरची होती, एमएच चाळीसची. शहराच्या गाड्यांचे नंबर वेगळे असतात. वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या, साहेबांनी पाठ थोपटली आणि तेव्हापासून सगळे म्हणू लागले की वामनरावांची नजर म्हणजे नजर. त्या नजरेचा आवाज मी होते. मी हवेत तरंगायचे.

पुढे आमची नेमणूक उमरेड रोडवर शहरात शिरतानाच्या एका नाक्यावर झाली. तिकडून सकाळी गाड्यांचा पूर येतो. भिवापूरच्या मिरचीची पोती लादलेले टेम्पो, दुधाच्या मोटारसायकली, कॉलेजची मुलं, मोठमोठ्या कार. एवढ्या गर्दीत कोणाला थांबवायचं हे वामनराव नजरेवर ठरवायचे. डोक्याला दुपट्टा बांधलेला, उन्हाने रापलेला, जुन्या गाडीवरचा, एमएच चाळीस नंबरचा माणूस दिसला की मी वाजलेच म्हणून समजा. कागद बघायचे, डिक्की उघडायला लावायची, कुठून आला, कुठे चालला, सगळं विचारायचं. बहुतेकांचे कागद बरोबर असायचे. ते निघून जायचे आणि आम्ही त्यांना विसरून जायचो. ती एक स्कूटर मात्र आम्ही कधीच विसरलो नाही.

अशातच प्रज्वल आमच्या रस्त्यावरून येऊ लागला. उमरेडच्या विणकर घरातला हा मुलगा. घरचा माग बंद पडला, तेव्हा तो रक्त तपासायचं शिक्षण शिकला आणि शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर लागला. नऊच्या आत हजेरीचा अंगठा लावायचा. सहा महिन्यांत तीन उशीर झाले की नोकरी गेली, असा तिथला नियम. हे सगळं तो वामनरावांना गाडीचे कागद दाखवता दाखवता सांगायचा, कारण आठवड्यातून तीनदा तरी आम्ही त्याला अडवायचो. कागद नेहमी बरोबर. हेल्मेट डोक्यावर. तरी त्याचे दोन उशीर आमच्या नाक्यावरच झाले. एकदा त्याने विचारलं, "साहेब, मागून त्या एवढ्या कार गेल्या, मग मीच काहून?" वामनराव म्हणाले, "ड्युटी करून राहिलो गा, बोलू नको." मला ते उत्तर फार रुबाबदार वाटलं होतं.

मग नाक्यावर उपनिरीक्षक प्रियदर्शनी मॅडम आल्या. वयाने वामनरावांच्या मुलीएवढ्या. पहिले पंधरा दिवस त्या काही बोलल्या नाहीत, फक्त खुर्ची टाकून वहीत लिहीत बसल्या. पंधरा दिवसांनी त्यांनी वही वामनरावांपुढे ठेवली. आम्ही थांबवलेल्या दर दहा गाड्यांत नऊ ग्रामीण नंबरच्या होत्या, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या दहा गाड्यांत तशा फक्त तीन होत्या. थांबवलेल्यांपैकी चूक सापडली ती अगदी थोड्यांची. वामनराव म्हणाले की माझी नजर आहे, मॅडम. मॅडमनी शांतपणे विचारलं की चेहऱ्यावर इन्शुरन्स दिसतो का. वामनरावांचे कान लाल झाले. त्यांच्या खिशात माझाही तिळपापड होत होता.

दुसऱ्या दिवसापासून नवी रीत सुरू झाली. सकाळी डब्याच्या झाकणात आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि एक उचलायची. अकरा निघाले तर त्या दिवशी दर अकरावी गाडी थांबवायची, मग ती कोणाचीही असो. तो आकडा खडूने पाटीवर लिहून पाटी रस्त्याकडे तोंड करून ठेवायची. कोणी सिग्नल तोडला, हेल्मेट घातलं नाही, तर त्याला थांबवायचं ते थांबवायचंच. पण नुसत्या चेहऱ्यावरून कोणाला नाही. आणि प्रत्येक वेळी वहीत लिहायचं, कितवी गाडी, नाहीतर कोणती चूक दिसली.

आता एवढ्या गर्दीत मोजायचं कसं? वामनरावांनी घरी गोष्ट काढली, तर कौशल्याबाईंनी बोटातलं जपाचं काउंटर काढून दिलं. "न्या हे. पण संध्याकाळी आठवणीने वापस आणजा, मले जप राहते."

झालं. माझ्या संसारात सवत आली. सकाळभर वामनरावांचा अंगठा त्या बटणावर. टिक, टिक, टिक. मी ओठांपर्यंत जायची ती फक्त त्या बाईसाहेबांनी आकडा पूर्ण केला की. सव्वीस वर्षं मी मालकीण होते, आता मी निरोप्याचं काम करू लागले. रविवारी कौशल्याबाई तिची धूळ मऊ फडक्याने पुसायच्या आणि चिंचेचं नाव कोणी काढायचं नाही. माझ्या अंगावर हिरवट डाग पडू लागले. मी मनात म्हणायचे, हिची बॅटरी संपू दे, हिच्या पडद्याला तडा जाऊ दे, ही चहाच्या ग्लासात पडू दे. खरंच म्हणायचे, खोटं कशाला बोलू?

माझ्या जळफळाटाला आणखी एक कारण होतं. तिच्यामुळे कोणीही थांबू लागलं. एकदा एक पांढरीशुभ्र लांबलचक कार त्या दिवशीच्या आकड्यात सापडली. आतले गृहस्थ काच खाली करून म्हणाले, "मला? मला थांबवलं तुम्ही?" मला तर लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांच्या गाडीचा इन्शुरन्स वर्षभरापूर्वीच संपलेला निघाला. वामनराव कितीतरी वेळ तो कागद उलटसुलट बघत राहिले. अशी गाडी त्यांच्या नजरेसमोरून रोज जात होती.

प्रज्वलही एकदा आकड्यात सापडला. मॅडमनी त्याला पाटी दाखवली, काउंटर दाखवलं, कागद बघितले आणि दोन मिनिटांत सोडलं. तो हसतच गेला. त्या महिनाभरात त्याला एकदाही उशीर झाला नाही. सहा महिने पुरे व्हायला आता आठवडाच उरला होता.

मग ती मोठी एकादशी आली. कौशल्याबाई सकाळी म्हणाल्या, "आज माह्या बोटातून हे निघणार नाही. आज मले मोठा जप आहे." वामनराव रिकाम्या हाताने नाक्यावर आले. नेमक्या त्या दिवशी मॅडम कोर्टात गेल्या होत्या. कोणी चिठ्ठी उचलली नाही, आणि पाटीवर कालचे अकरा तसेच राहिले. गाड्या बोटांच्या पेरांवर मोजता आल्या असत्या. वामनरावांनी मोजल्या नाहीत. ते मनाशीच पुटपुटले की एक दिवस नजरेवर काढू, काय होते.

मित्रांनो, त्या सकाळी माझ्याएवढं सुखी नागपुरात कोणी नव्हतं. ती घरी, आणि मी ओठांत. मी अशी वाजले की खांबावरची कबुतरं उडाली. एक दुधवाला थांबला. एक टेम्पो थांबला. मग नवरा-बायको मोटारसायकलवर, त्यानंतर एक भाजीवाला. चारही गाड्या एमएच चाळीस. मी बघितलं नाही, मला बघायचंही नव्हतं. मी पाचव्यांदा वाजले आणि प्रज्वल थांबला. घड्याळात पावणेनऊ झाले होते.

पुढे चार गाड्यांची रांग होती. प्रज्वल चुळबुळ करत उभा राहिला. वामनराव कागद मागत त्याच्यापर्यंत आले तेव्हा नऊला पाच कमी होते, आणि तिथून दवाखाना दहा मिनिटांवर. त्याने कागद पुढे केले नाहीत. तो पाटीकडे बघत होता.

"साहेब," तो म्हणाला, "मी कितवा?"

वामनरावांच्या ओठांत मी होते. त्यांनी मला काढलं. प्रज्वल भांडत नव्हता. खरंच विचारत होता. आकडा सांगितला असता तर कागद दाखवून गेला असता बिचारा, त्याचा त्या आकड्यावर विश्वास बसला होता. वामनरावांनी रांगेतल्या चार गाड्यांच्या नंबरकडे बघितलं. एकामागून एक. मग त्यांनी मान खाली घातली.

"मोजलंच नाही आज," ते म्हणाले.

"मग माही काय चूक दिसली?"

"काहीच नाही."

प्रज्वल रस्त्याच्या कडेला बसूनच गेला. आज तिसरा उशीर, साहेब, एवढंच म्हणाला. वामनरावांनी वही उघडली. कितवी गाडी, या रकान्यात त्यांनी लिहिलं, मोजली नाही. कोणती चूक दिसली, यात लिहिलं, कोणतीही नाही, चेहऱ्यावरून थांबवलं, चूक माझी. खाली सही केली आणि बिल्ला नंबर टाकला. बाकीच्यांना हात जोडून सोडलं, नाका जोडीदार शिपायाच्या हवाली केला आणि ती वही काखेत मारून ते प्रज्वलच्या मागे गाडीवर बसले.

"चाल बाबू, मी सांगतो तुह्या साहेबाले."

त्या प्रवासात मी खिशातून सगळं ऐकत, बघत होते. दोन चौक ओलांडले असतील. तिसऱ्या चौकात एका पोलिसाने नंबर बघून हात वर केला. मग मागे बसलेल्या माणसाचा पांढरा गणवेश दिसला, आणि तोच हात सलाम करत खाली आला. प्रज्वलने गाडी हळू केली होती, ती पुन्हा वाढवली. त्याच्या पाठीला वामनरावांची छाती टेकली होती, आणि त्या छातीवरच्या खिशात मी होते, म्हणून मला कळलं. मुलाचं सगळं अंग त्या एका क्षणात लाकूड झालं होतं. रोज असंच होत असणार. मी इतकी वर्षं वाजले, पण माझा आवाज ज्याच्या अंगावर पडतो त्याच्या अंगाला मी पहिल्यांदाच लागले होते.

दवाखान्यात विभागाच्या प्रमुख मिनल मॅडम होत्या. वामनरावांनी वहीचं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि आपल्या तोंडाने सगळं सांगितलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी त्यांना असं कोणापुढे उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. मिनल मॅडमनी पान दोनदा वाचलं, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला आणि त्या दिवसाचा उशीर खोडून टाकला. म्हणाल्या की लेखी आहे म्हणून करता आलं, नुसत्या तोंडी बोलण्यावर आमच्या वरचे लोक ऐकत नाहीत. प्रज्वलची नोकरी वाचली.

मला वाटलं आता तो वामनरावांच्या पाया पडेल. आम्हाला तशी सवय होती. तो बाहेर दारापर्यंत सोडायला आला, आणि तिथे थांबला.

"साहेब, पयले दोन उशीर बी तुमच्याच नाक्यावरचे होते. ते कोणत्या वहीत आहे?"

वामनराव म्हणाले, "कोणत्याच नाही." आणि त्यांनी खिशातल्या खिशात मला मुठीत घट्ट धरलं.

मित्रांनो, माझी सव्वीस वर्षं कोणत्याच वहीत नाहीत. किती जणांचे उशीर झाले, कोणाची परीक्षा हुकली, कोण घरी जाऊन मान खाली घालून जेवलं, मला एकाचंही नाव सांगता येणार नाही. एका स्कूटरचं तेवढं सांगता येतं. दुसऱ्या दिवशी वामनरावांनी देवळाबाहेरून नवं काउंटर आणलं, कौशल्याबाईंचं त्यांना परत केलं, आणि आता ते एकादशीलाही नाक्यावर असतं. माझा मत्सर संपला असं मी म्हणणार नाही. ते टिक टिक करू लागलं की अजून माझ्या पोटातली गोळी फडफडते.

पण उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हाती शिट्टी आली, तर माझं एवढं ऐका. समोरच्याने "मीच काहून" असं विचारलं तर काय सांगाल, ते वाजवण्याआधी मनाशी म्हणून बघा. सांगण्यासारखं काही असेल तर छाती भरून वाजवा, माझ्यात अजून दम आहे. आणि नसेल, तर मला खिशातच राहू द्या. मी तिथे जळत बसेन. चालेल मला.