अ‍ॅम्पच्या पाठीमागे

ताईच्या बँडमध्ये धाकटी बहीण नऊ वर्षं गिटार वाजवत होती. ताई गायची, भावोजी ड्रम वाजवायचे आणि सराव फरशीच्या दुकानाखालच्या तळघरात व्हायचा. तिथे खिडकी नव्हती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. आवाज बाहेर जात नसे, हवा आत येत नसे.

गेले चार महिने तिच्या गिटारचा आवाज बिघडला होता. एक सूर संपायच्या आत दुसरा त्यात कालवला जायचा. ताई म्हणायची, नुसता गाळ झालाय, मला माझं गाणं ऐकू येत नाही. भावोजींनी तारा बदलल्या, केबल बदलल्या. फरक शून्य. शेवटी ताईने गिटारचा आवाज वाढवणारे अ‍ॅम्प दुरुस्त करणाऱ्या मास्तरांना बोलावलं.

ताई आणि भावोजी वर चहाला गेले होते, खाली धाकटी एकटीच होती, तेव्हा मास्तर आले. त्यांनी अ‍ॅम्प भिंतीपासून ओढला, पाठीवर टॉर्च मारला आणि हसले. प्रतिध्वनी देणारं डिले पेडल गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये जोडलेलं होतं. अ‍ॅम्प आत आलेल्या सुराला करकरीत करतो. तिथे प्रतिध्वनीही गेले की सगळ्याचा काला. त्यासाठीच तर पाठीमागे सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं असतात. पेडल तिथे जोडायचं, म्हणजे सूर आधी करकरीत होतो आणि मग त्याचे प्रतिध्वनी सुटे सुटे येतात.

"पाठ सगळी धुळीने माखलीय, ही दोन भोकं तेवढी लख्ख," मास्तर म्हणाले. "इथे केबल असायची. कोणी काढली?"

"मीच."

का काढली ते त्यांनी विचारलं नाही, तरी तिने सांगितलं. दुसऱ्या शहरातल्या एका बँडने तिला बोलावलं होतं. पण आई गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं, पहिली गिटारही तिनेच आणली. जाते म्हणायला जीभ रेटेना. आवाज बिघडला की ताई स्वतःच आपल्याला काढून टाकेल, असा तिचा हिशेब. ताई मात्र तिला सोडून सगळं बदलत बसली.

"मला अ‍ॅम्पसाठी बोलावलंय," मास्तर म्हणाले आणि दोन केबल जोडून गेले.

सराव सुरू झाला. पहिल्याच सुराला ताई गायची थांबली. किती दिवसांनी, असं म्हणत तिने धाकटीच्या पाठीवर थाप मारली. भावोजींनी लगेच फोन काढला. एका हॉटेलाने वर्षभर वाजवायला बोलावलं होतं, त्यांना होकार कळवायचा होता.

"भावोजी, थांबा," ती म्हणाली. "ताई, आवाज मी मुद्दाम बिघडवला होता. मला जायचंय."

ताईने बराच वेळ माइकची वायर सरळ केली.

"तोंडाने सांगायचं होतंस."

"तुला सांगता आलं असतं तर चार महिने असं वाजवलं असतं का?"

भावोजींनी फोन खिशात ठेवला. ताई म्हणाली, ठरलेले तीन कार्यक्रम होईपर्यंत थांब, मग जा. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग ताईनेच ताल मोजला. धाकटीने वाजवायला घेतलं. आता प्रत्येक सूर सुटा ऐकू येत होता आणि तिची बोटं चुकत होती.